इलेक्ट्रा: स्ट्राउसची आणि ओ'नीलची

आईने प्रियकराच्या साथीने बापाला मारलं, आणि मुलगी इलेक्ट्रा सूडासाठी भावाची वाट पाहत राहिली. ही ग्रीक कथा विसाव्या शतकात दोघांनी नव्याने उभी केली. जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसचा ऑपेरा ग्रीक नाटककार सोफोक्लीसवरून आला, १९०९ साली ड्रेस्डेनमध्ये. अमेरिकी नाटककार युजीन ओ'नीलने १९३१ मध्ये ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाट्यत्रयीवर बेतलेली तीन सलग नाटकं दिली.

ऑपेरा एकाच अंकाचा, पावणेदोन तासांच्या आसपास, मध्यंतराशिवाय. शंभराहून अधिक वादकांचा ताफा पहिल्याच क्षणी अ‍ॅगमेम्नॉनच्या, म्हणजे मेलेल्या बापाच्या नावावर बेतलेली सुरावट गर्जतो. पुढे ती पाठ सोडत नाही. ग्रीक रंगमंचावर कोरस, म्हणजे घटनांवर भाष्य करणारा समूह, जे करायचा ते मला इथे वाद्यं करताना दिसतात. पात्र जे गिळून टाकतं, ते वाद्यवृंद बोलतो. भावाची ओळख पटते तिथे आधी सुरांचा कल्लोळ उसळतो आणि मग जो हळवेपणा येतो, तो शब्दांना जमलाच नसता.

ओ'नीलकडे अमेरिकी यादवी युद्ध नुकतंच संपलेलं न्यू इंग्लंड आहे, राजाऐवजी सेनानी, कोरसऐवजी गावकरी. संवाद कधी कधी पसरट होतात, हे खरं. पण त्याने देव काढून टाकले, आणि तिथे नाटक मला ऑपेराहून खोल वाटतं. सूडात आईला मारणाऱ्या भावाला, एस्किलसच्या ओरेस्टीसला, अथेन्सचं न्यायालय सोडवतं; ओ'नीलच्या भावाला, ऑरिनला, सोडवणारं कुणीच नाही, तो स्वतःचा जीव घेतो.

स्ट्राउसची इलेक्ट्रा बेभान नाचत कोसळते. ओ'नीलची इलेक्ट्रा, म्हणजे लॅव्हिनिया, खिडक्या खिळे ठोकून बंद करायला सांगते आणि एकटी घरात शिरते.