सैतान आधी की राजकन्या?

दुसऱ्या जगातली पात्रं टोकियोत येऊन पडतात, या धाटणीचं एकच अ‍ॅनिमे बघायचं असेल तर बहुधा दोन नावांवर गाडी अडते: ‘द डेव्हिल इज अ पार्ट-टायमर!’चा पहिला सीझन (२०१३, १३ भाग) आणि ‘गेट’ (२०१५-१६, २४ भाग). प्रश्न इतकाच, की आपलं जग बघून ही मंडळी जशी वागतात ते पटतं का.

भाषेत ‘गेट’ सरस. टोकियोत उघडलेल्या दारातून पलीकडच्या जगात गेलेल्या जपानी सैनिकांना तिकडची बोली शिकावी लागते, तिथली तरुण जादूगार लेलेई जपानी शिकते. ‘डेव्हिल’ची सुरुवात सैतान जिथून पळून येतो त्या एन्टे इस्ला या जगाच्या, मालिकेसाठी खास रचलेल्या भाषेत होते, पण पोलिसाला संमोहित करून माहिती काढली, की पहिल्याच भागात सैतान सफाईदार जपानी बोलायला लागतो. पळवाटच ती. फक्त इथे खर्च झालेली जादू सहजी भरून येत नाही, म्हणून पुढे पोटासाठी बर्गरच्या दुकानात उभं राहावं लागतं.

‘गेट’ची राजकन्या पिन्या जपानच्या स्वसंरक्षण दलाची, म्हणजे लष्कराची ताकद बघून हादरते, ते शंभर टक्के पटतं. समोरच्या तोफा बघताना आपल्या साम्राज्याचं काय होणार, हे तिला कळत असतं. खटकतं ते पुढे, टोकियोच्या सहलीत. कपडे, गरम पाण्याचे झरे, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा: पाहुण्यांनी आ वासायचा आणि यजमानांनी सुखवायचं. संसदेत ९६१ वर्षांची अर्धदेवता रोरी महिला खासदाराला झापते तेही मजेदार आहे, पण बोलते ते नेमकं यजमानांना ऐकायचं तेच. वास्तविक जादूच्या जगातून आलेल्याला आपोआप उघडणाऱ्या दाराचं काय नवल? ते कुणाही फाटक्या माणसासाठी उघडतं, याचं वाटायला हवं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

‘डेव्हिल’मध्ये आ वासणं लवकर आटोपतं आणि भाडं सुरू होतं. टोकियोच्या सासाझुका भागातली सहा तातामींची (म्हणजे सहा चटया मावतील एवढी) खोली, काटकसरीने घर चालवणारा सैतानाचा सेनापती आल्सिएल, सैतानाच्या मागावर आलेली पण कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारी वीरांगना, सायकलला मोठ्या प्रेमाने दिलेलं ‘डुलाहान’ हे नाव. आणि तिघे राक्षस एकसारखे रुळत नाहीत: सैतान बढतीच्या मागे, आल्सिएल हिशेबाच्या, तर ल्युसिफर कॉम्प्युटरला चिकटून दुसऱ्याच्या पैशाने ऑनलाइन खरेदी करतो. एकाच गावाहून आलेल्या तिघांचं शहरात असंच होतं.

अर्थात विनोद नकोच असेल, लष्करी डावपेच आवडत असतील, तर ‘गेट’ जास्त रुचेल. तेव्हाही पहिले १२ भाग आधी बघा. टोकियोची सहल त्यातच येते. ‘डेव्हिल’चा २०२२ चा दुसरा सीझन वेगळ्या स्टुडिओचा आहे, चित्रांत फरक जाणवतो. त्यावरून पहिल्याला जोखू नका.