मधल्या दोन रात्री कुठे काढायच्या: चेस्की क्रुमलोव की हालश्टाट?

प्राग पाहून झालंय, पुढे साल्झबर्ग किंवा व्हिएन्ना ठरलंय आणि मधे दोन रात्री मोकळ्या आहेत. अशा वेळी पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्यांना दोन नावं हटकून सुचवली जातात: चेक प्रजासत्ताकातलं चेस्की क्रुमलोव आणि ऑस्ट्रियातलं हालश्टाट. दोन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत, क्रुमलोव १९९२ पासून आणि हालश्टाट १९९७ पासून. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. आणि फोटो बघून ठरवायला बसलात तर पहाट होईल, पण ठरणार नाही.

माझा निकष एकच. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ही दोन्ही गावं बसने येऊन बसने जाणाऱ्यांची असतात. मुक्कामाचे पैसे मोजणाऱ्याच्या वाट्याला संध्याकाळ आणि भल्या सकाळची वेळ येते. त्या वेळात गाव तुम्हाला काय देतं, एवढंच बघायचं.

क्रुमलोवला व्ल्टावा नदी असा वळसा घेते की जुनं गाव जवळजवळ बेटच होतं. समोरच्या कड्यावर किल्ला. देशात प्रागच्या किल्ल्याखालोखाल हाच मोठा. १३०२ पासून तीनशे वर्षं तो रोझम्बेर्क घराण्याकडे होता, पुढे एगेनबेर्गांकडे, मग श्वार्झेनबेर्गांकडे. आतली दालनं तिकीट काढून बघावी लागतात, पण अंगणं आणि दरीवरचा तो मजल्यावर मजले चढवलेला कमानींचा पूल फुकट आहे, रात्रीसुद्धा. रात्री दहाच्या सुमारास मी त्या पुलावर होतो. खाली कौलांवर पिवळा उजेड, बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा एकसारखा आवाज, आणि पुलावर माझ्याशिवाय फक्त कुत्रा फिरवायला आलेल्या एक आजी. दुपारी याच जागी मी लोकांच्या सेल्फी स्टिका चुकवत वाकून चाललो होतो.

किल्ल्यात एका गोष्टीचं तिकीट मात्र काढाच: नाट्यगृहाचं. १७६०च्या दशकात उभारलेल्या रूपात ते लाकडी यंत्रणेसकट टिकलंय. रंगवलेले पडदे, विंगा, खाली तळघरात दोरखंड आणि चाकं. पूर्वी माणसं ती फिरवायची आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जंगलाचा राजवाडा व्हायचा. आपल्याकडच्या संगीत नाटकांच्या रंगीत पडद्यांच्या गोष्टी ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकल्यात, त्यांना तिथून हलवत नाही. गाइडबरोबरच आत सोडतात आणि तेही उन्हाळी महिन्यांतच, म्हणून दिवस आधी बघून घ्या. सोमवार टाळा. खंदकात अस्वलं ठेवण्याची १७०७ पासूनची प्रथाही इथे आहे. मला ते बघवलं नाही; तुमचं तुम्ही ठरवा.

उन्हाळ्यात दुसरा दिवस सरळ नदीला द्यावा. रबरी होडी भाड्याने घ्यायची, वल्हवत झ्लाता कोरुना गावापर्यंत उतरायचं, परत आणायची सोय होडीवालेच करतात. शेजारून जाणारी प्रत्येक होडी ‘आहोय!’ अशी हाळी देते आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही. चेकांना समुद्र नाही, पण खलाशांचा नमस्कार त्यांनी रोजच्या बोलण्यात घेतलाय.

क्रुमलोव खोटं वाटतं, असं म्हणणारे भेटतील. ते अगदीच चुकीचं नाही. जुन्या गावात राहणारी माणसं इतकी कमी उरली की २०१८ साली कातेर्झिना शेदा या चेक कलावतीने तिथे काही कुटुंबं चक्क पगार देऊन राहायला आणली. काम काय, तर कपडे वाळत घालायचे, मुलांना खेळायला सोडायचं, म्हणजे नेहमीसारखं जगायचं. मूळचे बहुसंख्य जर्मनभाषक तर १९४५-४६ मध्येच हाकलले गेले होते. चित्रकार एगॉन शीलेची आई इथली. १९११ मध्ये तो मैत्रिणीबरोबर राहायला आला, तर त्याच्या राहणीमुळे आणि नग्न चित्रांमुळे गावाने त्याला घालवून दिलं. आज त्याच्या नावाचं कलाकेंद्र गावाच्या मधोमध आहे. माणसं घालवायची आणि मग त्यांच्या नावाची पाटी लावायची, हे काही फक्त आपल्याकडेच होत नाही.

आता हालश्टाट. जेमतेम साडेसातशे वस्तीचं गाव, एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला सरळ चढलेला डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं. हे गाव मिठावर उभं आहे. मीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उरणकडची मिठागरं येतात. इथे ते डोंगर पोखरून काढतात, तेही सुमारे सात हजार वर्षांपासून. खाणीत इसवी सनपूर्व १३४४ मधल्या लाकडाचा जिना सापडला, मिठामुळे न कुजलेला. १८४६ पासून रामसाउअर या खाण-अधिकाऱ्याने वरच्या दरीत शेकडो प्राचीन कबरी उकरून काढल्या. म्हणून तर युरोपातल्या लोहयुगाच्या आरंभकाळाला पुरातत्त्वात या गावाचं नाव आहे. खाण बघायचा बेत असेल तर ती आणि वर नेणारी रेल्वे चालू आहे ना, ते आधी पाहा.

गर्दीतही मन थांबवणारी जागा म्हणजे चर्चमागची कवट्यांची खोली. दफनभूमी एवढीशी, म्हणून जुनी कबर उघडून हाडं बाहेर काढायची, कवटी उन्हात पांढरी करायची, तिच्यावर नाव आणि फुलं-पानं रंगवायची. बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, निम्म्याच्या वर रंगवलेल्या. शेवटची १९९५ मध्ये आली, १९८३ साली वारलेल्या एका बाईंची. तिच्यातला सोन्याचा दात अजून चमकतो.

पण संध्याकाळ? बसगाड्या गेल्या की हालश्टाट गप्प होतं. सुंदर होतं हे खरं, पण त्या तासाचे पैसे गावातली लॉजं चोख वसूल करतात. स्वस्तात राहायचं तर तलावाच्या टोकाला ओबरट्राउनमध्ये. मी तिथे राहिलो आणि माझ्याच वेंधळेपणाने फसलो. तलावाकडे बघत बसलो, बसची वेळ टळली आणि चार-पाच किलोमीटर पावसात चालत गेलो. त्या भागात पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा येतो. त्यामुळे ‘फोटोतलं हालश्टाट’ दिसेलच, याची खात्री एका रात्रीत मिळत नाही. दोन रात्री असतील आणि आकाश उघडलं, तर ओबरट्राउनहून डाखश्टाइनच्या केबल कारने वर जा, बर्फाची गुहा बघा. मग हालश्टाट हे मुख्य ठिकाण राहत नाही, डोंगरांची पायरी होते. माझ्या मते हाच त्याचा खरा उपयोग.

पोहोचण्याचं म्हणाल तर प्राग-क्रुमलोव बस साधारण तीन तास घेते. हालश्टाटचं स्टेशन तलावाच्या पलीकडे. गाडीतून उतरून बोटीने गावात जायचं. त्या पाच-दहा मिनिटांचं मोल तिकिटापेक्षा कितीतरी जास्त आहे, फक्त शेवटची बोट लवकर सुटते. खर्चात क्रुमलोव ठळक स्वस्त: हॉस्टेलं बरीच आहेत, आणि शाकाहाऱ्याला तळलेलं चीज आणि बटाटे कुठेही मिळतात, दुसऱ्या दिवशी कंटाळा येईपर्यंत. हालश्टाटला रविवारी दुकानांचा भरवसा धरू नका; ब्रेड-चीज शनिवारीच घेऊन ठेवा. चाकांची बॅग मात्र दोन्हीकडे नको. दगडी रस्त्यावर ती अख्ख्या गल्लीला उठवते.

तर मे ते सप्टेंबर, एकटे किंवा दोघंतिघं, खिसा बेताचा: क्रुमलोव, दोन्ही रात्री. पाय डोंगराकडे ओढत असतील आणि पावसाने चिडचिड होत नसेल, तर ओबरट्राउन. ऐन थंडीत किल्ल्याचं बरंच काही बंद असतं, पण रिकामं क्रुमलोव मला तरीही चालेल; हालश्टाटला तेव्हा डोंगरामुळे ऊनच फार थोडं मिळतं.

‘एकेक रात्र वाटून घेऊ’ हा मोह होईल, कारण दोन गावांमध्ये खासगी व्हॅन तीनेक तासांत सोडते. पण सामान बांधणं, व्हॅन, नवीन खोली यात नेमकी एक सकाळ आणि एक दुपार जाते. मग क्रुमलोवची होडीही हुकते आणि हालश्टाटला तुम्ही पोहोचता ते बसवाल्यांच्याच गर्दीत.