सिटी व्हीटेकवर कॉइलओव्हर: नऊ महिने आणि एक अख्खा पावसाळा काढल्यावर

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला, उंची बदलता येणारा सस्पेन्शनचा सेट. आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, बाबांनी नवी कोरी घेतलेली, तेव्हा मी आठवीत होतो. ही पहिली सिटी १९९८ ला भारतात आली आणि २००३ ला तिच्या जागी दुसरी आली, पण त्यातली १०६ हॉर्सपॉवरची व्हीटेक ज्यांच्याकडे आज चालू हालतीत आहे ते ती सहसा सोडत नाहीत. आमचं रजिस्ट्रेशन २०१७ ला रिन्यू झालं, २०२२ ला परत झालं, आता २०२७ ला पुन्हा आरटीओची वारी आहे. बाबांनी गाडी माझ्या नावावर केली तेव्हा एकच अट घातली, इंजिनाला हात लावायचा नाही. मला पण ते पटलं. एक तर २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मोठे बदल करणं म्हणजे डोक्याला ताप, आणि दुसरं म्हणजे हे इंजिन आहे तसंच इतकं सुंदर आहे की त्यात बदल करायची इच्छाच होत नाही. व्हीटेक म्हणजे हेच, इनटेकचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दोन रॉकरच्या मधे तिसरा रॉकर असतो, त्याच्यासाठी कॅमवर वेगळा मोठा लोब म्हणजे उंचवटा, खालच्या आरपीएमला तो नुसताच हलत राहतो, आणि आरपीएम वर गेला की ऑइलच्या प्रेशरने एक पिन सरकते, तिन्ही रॉकर एकत्र लॉक होतात आणि आवाजच बदलतो. चोवीस वर्षं झाली तरी तो आवाज आला की माझ्या अंगावर काटा येतो.

तर इंजिन नाही, मग राहिलं सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर. जुने शॉकअप चारही लीक होते, मागचे तर नुसते नळकांडे झाले होते. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन शनिवार फिरलो, साधे शॉकअप मिळत होते, स्वस्तात झालं असतं, पण मला जिमखाना (मैदानावर कोन ठेवून वेळ लावायची स्पर्धा) आणि ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस) करायचे होते म्हणून शेवटी तैवानचा कॉइलओव्हर सेट मागवला. कस्टम ड्युटी, टॉप माउंट, फिटिंग, अलाइनमेंट धरून ९२ हजार गेले. सोबत लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) आणि लिंक रॉड नवीन टाकले. ते बुश काढल्यावर हातात घेतले तर रबर मधून पूर्ण फाटलेलं, बोटाने दाबलं की आतली लोखंडी बाही लोंबकळायची. म्हणजे इतकी वर्षं स्टिअरिंग जे ढिलं वाटायचं ते शॉकअपमुळे नव्हतंच, निम्मं तर ह्या दोनतीनशे रुपयांच्या रबरामुळे होतं. कुठलाही महागडा पार्ट घ्यायच्या आधी बुश बदला, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

घेताना एक गोष्ट बघा. कॉइलओव्हर दोन प्रकारचे असतात. एकात गाडी खाली करायची तर स्प्रिंगच्या खालची चकती फिरवून स्प्रिंगच खाली आणायची, म्हणजे शॉकअपचा प्रवास, त्याला दबायला असलेली जागा, तेवढी कमी होते. दुसऱ्यात खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, उंची बदलते पण शॉकअपचा प्रवास तेवढाच राहतो. माझा सेट पहिल्या प्रकारचा निघाला, वेबसाइटवर फोटो दुसऱ्याचा होता. विक्रेत्याला तीन मेल केले, त्यांनी उत्तर दिलं की तुमच्या मॉडेलसाठी हाच येतो. ठीक आहे, पण हे आधी सांगायला हवं होतं, माझं पुढचं सगळं रामायण ह्याच्यामुळे झालं.

मार्चमध्ये फिटिंग झालं. गॅरेजवाल्याने विचारलं किती खाली, मी म्हटलं चाळीस मिलिमीटर. गाडी दिसायला जबरदस्त झाली, सोसायटीतली पोरं फोटो काढायची, मला पण रात्री खाली जाऊन बघावंसं वाटायचं. स्प्रिंग पुढे ६ किलो, मागे ४ किलो, म्हणजे पुढची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला सहा किलो वजन लागतं. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर रात्री मस्त चालायची. पण दिवसा पेव्हर ब्लॉकचा पट्टा आला की दात आपटायचे, पोडियमच्या रॅम्पवर सायलेन्सर घासायचा, आणि बाबा मागे बसले की पूर्ण रस्ता वरचं हँडल धरून. त्यांचं वय ७१, कंबरेचा त्रास. एकदा दवाखान्यातून येताना ते उतरले आणि काही न बोलता लिफ्टकडे गेले, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

तरी मी म्हणायचो की रेसिंगसाठी एवढं सहन करावं लागतं. मग एप्रिलच्या शेवटी खोपोलीच्या अलीकडे एका डांबरी मैदानावर जिमखाना झाला, कोनमधून वळणं घेत वेळ लावायची. तिथे फेब्रुवारीत मी जुन्या फाटक्या शॉकअपवर ५८.४ सेकंद लावले होते, आयोजकांनी कोनही त्याच खुणांवर ठेवले होते. नव्या सेटवर ५९.१ आले. तीन वेळा चालवलं, तिन्ही वेळा ५९ च्या वर. ९२ हजार घालून मी हळू झालो होतो, आणि वळणात मधेच पुढचं चाक उडी मारून घसरायचं, त्याचं कारण काही केल्या समजेना.

कारण एका केबल टायने दाखवलं. एका जुन्या रॅलीवाल्या काकांनी सांगितलं की शॉकअपवरचं रबरी बूट वर कर, चकचकीत रॉडवर एक केबल टाय घट्ट बांध, तळाशी सरकवून ठेव, आणि फिरून ये. शॉकअप जितका दाबला जाईल तितका टाय रॉडवर वर ढकलला जातो, आणि तिथेच थांबतो. रविवारी सकाळी बांधला, मुलुंडहून ठाण्याला तीनहात नाक्यापर्यंत गेलो आणि आलो, कुठेही घाई केली नाही, एकटाच होतो. जॅक लावून बूट वर केलं तर टाय बम्प स्टॉपच्या, म्हणजे प्रवास संपतो तिथे असलेल्या ठोकळ्याच्या, रबरात रुतून बसलेला. म्हणजे साध्या रस्त्यावर, एकट्याच्या वजनात, माझा पूर्ण प्रवास संपत होता. मैदानावर वळणात वजन बाहेरच्या चाकावर आलं की स्प्रिंग संपून गाडी रबराच्या ठोकळ्यावर उभी राहायची, मग चाकाला खाली-वर व्हायला जागाच नाही, टायर पकड सोडणारच. वर आर्मचा कोन बिघडल्याने टो (चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बदलला होता, तो दोन महिन्यांत पुढच्या दोन्ही टायरची आतली कड खाऊन गेला, गेज लावलं तर बाहेर ६ मिलिमीटर आणि आत जेमतेम २.

त्याच दिवशी चकती फिरवायचा सी-स्पॅनर घेऊन गाडी २५ मिलिमीटर वर उचलली. म्हणजे मूळ उंचीपेक्षा फक्त १५ खाली. पुढे स्प्रिंग बदलून ५ किलोची टाकली, पुन्हा अलाइनमेंट केलं, ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाएवढ्या पाण्याच्या कॅनी ठेवून. हे नक्की करा, रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट आणि बसलेल्या गाडीचं ह्यात फरक पडतो. नंतर परत टाय बांधून बघितला, साधारण वीस मिलिमीटर प्रवास शिल्लक. मेच्या शेवटी त्याच मैदानावर ५६.९. हो, त्यातलं थोडं श्रेय नव्या १९५/५५ आर १५ टायरचं आहे, ते मी लपवत नाही, पण ते चाक उडणं बंद झालं ते टायरमुळे नाही. आता वळणात दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम खाली पडतच नाही, बाहेर पडताना गाडी व्हीटेकमध्येच असते, १०६ हॉर्सपॉवर ज्याला कमी वाटतात त्याने हे एकदा अनुभवावं.

आणि बाबा. भांडुपपासून नाहूरपर्यंत ते गप्प होते, मग म्हणाले, "आता आपली गाडी वाटतेय रे." ते शांत बसले होते, हँडलला हात नव्हता. ही माझ्यासाठी ५६.९ पेक्षा मोठी गोष्ट आहे.

जपानमध्ये हा छंद जिथून वाढला ते तोगे म्हणजे त्यांचे घाटरस्ते, ड्रिफ्टिंगसाठी प्रसिद्ध असलेला ड्रायव्हर केइची त्सुचिया तिथेच एई८६ चालवायला शिकला, १९८३ ते ८७ ची ती टोयोटा. आपण फोटोत जमिनीला टेकलेल्या गाड्या बघतो आणि तसंच करायला जातो. घाटात गाडीला प्रवास लागतो, आणि मुंबईचा रस्ता तर घाटापेक्षा कठीण. पण रस्त्यावर रेस मी करत नाही, कधीच नाही, बंद मैदान किंवा ट्रॅक, हेल्मेट घालून.

ट्रॅक म्हणजे कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, नोव्हेंबरमध्ये गेलो होतो. २.१ किलोमीटरचा, जपानच्या त्सुकुबाएवढाच जवळपास, तो २.०४५ चा आहे. मुंबईहून साडेबाराशे किलोमीटर, दोन दिवस चालवत गेलो आणि तीच गाडी चालवत परत आलो. तिथे सस्पेन्शनने काहीच त्रास दिला नाही. ब्रेकने दिला, पाचव्या लॅपला पेडल खाली जायला लागलं, ऑइल उकळलं होतं, चूक माझी, दोन वर्षं ब्रेक ऑइल बदललं नव्हतं. आता दर ट्रॅक डेच्या आधी बदलतो.

पावसाळ्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण परदेशातल्या व्हिडिओत हे कोणी बोलत नाही. स्प्रिंगखालची चकती ॲल्युमिनियमची, शॉकअपच्या बॉडीचे आटे लोखंडी, वर आपली खारी हवा आणि चिखल, सप्टेंबरपर्यंत डावीकडची पुढची चकती अशी जाम झाली की सी-स्पॅनरचं टोक तुटलं. रॉकेल, जुना टूथब्रश, अर्धा दिवस, आणि हळूहळू मागेपुढे हलवत कशीबशी सुटली. आता आटे घासून कोरडे करायचे, आटे जाम होऊ नयेत म्हणून पातळ अँटी-सीझ लावायचं (जाड ग्रीस नको, त्यात वाळू चिकटते), आणि वरून सायकलची जुनी ट्यूब कापून घट्ट मोज्यासारखी चढवायची. ट्यूब लावून गाडी ऑक्टोबरच्या पावसात फिरवली, आत आटे कोरडे होते. टॉप माउंटचं बेअरिंग सात महिन्यांत कटकट करायला लागलं, पुढचे दोन्ही बदलले, ४,२०० रुपये. ऑइल सील अजून चारही कोरडे आहेत.

ज्यांच्याकडे हीच गाडी आहे त्यांच्यासाठी माझं आजचं सेटिंग देतो, ३२ क्लिकचं डॅम्पिंग (शॉकअप किती कडक ठेवायचा ते) आहे, पूर्ण कडकपासून सैल बाजूला मोजायचं: शहरात पुढे २२, मागे २४, मैदानावर पुढे १२, मागे ९. टो पुढे शून्य, मागे अगदी किंचित आत. जूनच्या आधी चारही खाली काढून साफ करायचे आहेत, तेव्हा मागच्या रॉडवरचा केबल टाय पण बघतो, तो दिवाळीपासून तसाच बांधलेला आहे.