ब्लूटूथसीटीएल: प्रिंटर विकत घेण्याआधी चालवून पाहा

बिलाचा ब्लूटूथ थर्मल प्रिंटर घ्यायला गेलं की एम. जी. रोडवरचा दुकानदार मोबाईल जोडून एक चिठ्ठी छापून दाखवतो. अंबडच्या कारखान्यातल्या उबुंटू (लिनक्स) मशीनवर तो चालेल का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लॅपटॉप सोबत न्यावा आणि ब्लूझी या लिनक्सच्या ब्लूटूथ यंत्रणेबरोबर फुकट मिळणारं ब्लूटूथसीटीएल हे टर्मिनलवर आज्ञा टाइप करून चालवायचं साधन उघडावं. सेटिंग्जमधल्या गरगरणाऱ्या चक्रापेक्षा ते खरं बोलतं.

आधी टर्मिनलवर आरएफकिल लिस्ट ही आज्ञा देऊन ब्लूटूथ अडवलेलं नाही ना ते पाहा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर अनब्लॉक केल्याशिवाय पुढचं सगळं वाया. मग ब्लूटूथसीटीएलमध्ये पॉवर ऑन, एजंट ऑन (पिनची विचारणा हाताळायला), स्कॅन ऑन; प्रिंटरचा पत्ता दिसला की पेअर, मग ट्रस्ट (पुढे न विचारता जोडू द्यायला). पेअर होईपर्यंत स्कॅन थांबवू नका. न जोडलेलं उपकरण दिसेनासं झालं की साधारण ३० सेकंदांत यादीतून गळतं आणि 'नॉट अव्हेलेबल' असं उत्तर येतं.

खरी फसगत कनेक्टपाशी होते. प्रिंटर पेअर होतो, पण कनेक्ट दिलं की 'प्रोफाइल अनअव्हेलेबल' येतं आणि चांगला प्रिंटर परत केला जातो. इन्फो देऊन पाहा: प्रिंटरच्या सेवांच्या यादीत ११०१ क्रमांकाचा सिरियल पोर्ट असेल तर प्रिंटर ठीक आहे; ही जोडणी ब्लूटूथसीटीएल स्वतः उघडत नाही, एवढंच. टर्मिनलवर आरएफकॉम बाइंड या आज्ञेने सिरियल पोर्ट तयार करा आणि त्यावर मजकूर पाठवा. चॅनल बहुधा १ असतो. उपकरणाच्या सेवा दाखवणाऱ्या एसडीपीटूलने खात्री करता येते. परवानगी नाकारली तर वापरकर्त्याला डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्या) घाला. आर्च लिनक्सवर आरएफकॉम, एसडीपीटूल ही जुनी साधनं वेगळ्या पॅकेजमध्ये ढकलली आहेत.

हेडफोनला हाच संदेश आला तर कारण निराळं: पाइपवायर किंवा पल्सऑडिओ या आवाज हाताळणाऱ्या यंत्रणेचा ब्लूटूथ भाग बसवलेला नसतो. एकाच संदेशाचे असे दोन अर्थ, ही या साधनाची सर्वांत मोठी खोट.

हेडफोनचा आवाज तुटत असेल तर ब्लूटूथचा डोंगल यूएसबी ३ पोर्टमधून काढून छोट्या एक्स्टेन्शन केबलवर लावा. त्या पोर्टचा गोंगाट ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोचतो. रिअलटेकचा डोंगल दिसतच नसेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) फर्मवेअर, म्हणजे डोंगलला लागणारी फाइल, सापडली नसल्याची ओळ शोधा. एवढ्यानेही उलगडलं नाही तर दुसऱ्या टर्मिनलवर ब्लूटूथची देवाणघेवाण दाखवणारं बीटीमॉन लावून पुन्हा पेअर करा. नकार कोणत्या बाजूने आला ते तिथे दिसतं.

दुकानातून निघताना नमुन्याची नोंद रिमूव्हने काढा. तुम्हाला मिळणारा प्रिंटर दुसऱ्या खोक्यातला, त्याचा पत्ता वेगळा.