शेव्हेलला चौथा गिअर : टर्बो ३५० काढून २००-४आर बसवल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग तपशील. माझ्या १९७२च्या शेव्हरले शेव्हेलमधला तीन गिअरांचा टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून त्या जागी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिनचे फेरे कमी करणारा चौथा गिअर, असलेला २००-४आर बसवला, त्याला आता वर्ष उलटून गेलं. इथे मिशिगनमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायला लागलं की जुनी गाडी थेट वसंतापर्यंत गॅरेजमध्ये जाते, त्यामुळे हा अनुभव एका पूर्ण हंगामाचा आणि दुसऱ्याच्या बऱ्याचशा भागाचा आहे. या गाडीवर आजवर जो काही पैसा घातला, त्यातला सगळ्यात सत्कारणी लागलेला हाच. मात्र पेट्रोल वाचेल या आशेने हे काम करणार असाल तर करू नका. आणि करायचंच असेल तर थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या एका बारीकशा केबलकडे बाकी सगळ्यापेक्षा जास्त लक्ष द्या. का, ते पुढे येईलच.

टर्बो ३५० वाईट गिअरबॉक्स मुळीच नाही. १९६९ मध्ये आलेला, काटक, दुरुस्तीला सोपा, सुटे भाग आजही सहज मिळतात. त्याचा तिसरा गिअर सरळ एकास एक, म्हणजे इंजिन जितकं फिरतं तितकाच ड्राइव्हशाफ्ट (मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) फिरतो. माझ्या गाडीला मागे ३.३६चा डिफरन्शियल आहे, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे ३.३६ फेरे, आणि टायर २६ इंच उंचीचे. हिशेब मांडला तर ताशी ७० मैलांना इंजिन ३००० आरपीएमच्या थोडं वरच फिरतं, टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) घसर धरली तर आणखी जास्त. ३५० घनइंचाच्या व्ही-८ला त्याने काही होत नाही. होतं ते माणसांना. बायको शेजारी बसलेली असायची आणि आम्ही बोलायचो म्हणजे एकमेकांवर ओरडायचो. दोन तासांनी उतरलं की कानात तीच घरघर. मग हळूहळू असं झालं की गाडी उत्तम अवस्थेत असूनही आम्ही तिला घराच्या आसपासच फिरवायला लागलो.

यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नाही. १९७२ साली पेट्रोल स्वस्त होतं आणि ऑटोमॅटिकला चौथा गिअर द्यायची कोणाला निकड नव्हती. १९७३च्या अखेरीस तेलाचं संकट आलं, १९७५ मध्ये अमेरिकेने सरासरी मायलेजचा कायदा केला, आणि मग कंपन्या कामाला लागल्या. फोर्डचा एओडी १९८० सालच्या गाड्यांत आला, जनरल मोटर्सचा २००-४आर १९८१ला, ७००आर४ त्याच्या पुढच्या वर्षी. माझ्या गाडीचं ते नऊ वर्षांनी हुकलं, एवढंच.

शेव्हरलेवाल्यांपुढे पहिला प्रश्न हाच असतो : २००-४आर की ७००आर४? बहुतेक जण नावाला भुलून ७००आर४कडे जातात. मी तसं केलं नाही, आणि आज पुन्हा निवडायची वेळ आली तरी करणार नाही. ७००आर४चा पहिला गिअर ३.०६, म्हणजे ड्राइव्हशाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे ३.०६ फेरे, दुसरा १.६३. मध्ये मोठी दरी आहे. पहिल्यात इंजिन किंचाळतं आणि दुसरा पडला की एकदम खाली बसतं. २००-४आरचे आकडे २.७४, १.५७, १ आणि ०.६७. टर्बो ३५०चे होते २.५२, १.५२ आणि १. म्हणजे पहिल्या तीन गिअरांत गाडीची चाल ओळखीचीच राहते, सुटताना थोडा जास्त जोर मिळतो, आणि वर ०.६७चा चौथा मिळतो.

दुसरं कारण लांबीचं. २००-४आर सुमारे पावणेअठ्ठावीस इंच लांब आहे, म्हणजे आखूड शेपटीच्या टर्बो ३५० इतकाच. ७००आर४ तीन इंचांनी लांब, त्यामुळे ड्राइव्हशाफ्ट कापून पुन्हा तोलून घ्यावा लागतो. माझा शाफ्ट आणि त्याचा योक (गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक), दोन्ही जसेच्या तसे लागले. मागचे २७ दाते दोन्ही गिअरबॉक्सना सारखेच. फक्त गिअरबॉक्स टेकतो ती जागा बरीच मागे आहे, त्यामुळे क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारा आडवा आधार) मागे सरकवावा लागला. बॉडीचा पत्रा कुठेही कापला नाही, ठोकला नाही. माझी तीच अट होती.

गिअरबॉक्स ज्यांनी बांधून दिला ते इप्सिलँटीच्या बाजूचे एक म्हातारे कारागीर. त्या भागात ऑटोमॅटिकची विद्या मुरलेली आहे. जवळच विलो रनचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-२४ बॉम्बर विमानं बनवली, आणि १९५३ मध्ये लिव्होनियाचा हायड्रामॅटिक कारखाना जळून खाक झाल्यावर जनरल मोटर्सने आपलं गिअरबॉक्सचं काम तिथे हलवलं. २०१० साली तो बंद पडला, पण हातांत कसब असलेली माणसं आसपासच राहिली. माझ्या कारागिरांनी गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या रिंगा कडक पोलादाच्या घातल्या, पंपाची पाती सातावरून दहा केली, क्लच सगळे नवे. मूळ २००-४आर फार ताकदीच्या इंजिनासाठी बनवलेला नव्हता. ब्युइकच्या ग्रँड नॅशनलमध्ये हाच गिअरबॉक्स बळकट करून वापरला होता, त्यामुळे नीट बांधला तर तो काय सोसू शकतो हे जगजाहीर आहे.

आता त्या केबलविषयी. टर्बो ३५०ला इंजिनच्या व्हॅक्यूमवरून तेलाचा दाब ठरवणारा व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो आणि किकडाउनची वेगळी केबल. ती केबल तुटली तरी गाडी चालते, फक्त पाय दाबल्यावर गिअर खाली येत नाही. २००-४आरची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल दिसायला तशीच, पण काम पार वेगळं. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे हे ती गिअरबॉक्सला सांगते, आणि त्यावरून तेलाचा दाब ठरतो. गिअर कधी बदलायचा तेही तीच ठरवते. केबल ढिली राहिली की दाब कमी, आणि दाब कमी म्हणजे क्लच घसरत घसरत पकडतात. आतून जळायला फार मैल लागत नाहीत.

फसवणारी गोष्ट अशी की ढिल्या केबलवर गाडी चालवायला छान वाटते. ज्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स बसवला, तिथून गाडी हातात आली तेव्हा गिअर लोण्यासारखे बदलत होते. ताशी वीस-पंचवीस मैलांतच तिसरा पडलेला. ते म्हणाले, बघा किती मऊ चालते. मला तेच खटकलं. घरी आणून बॉनेट उघडलं तर केबल सरळ कार्बोरेटरच्या जुन्या लिव्हरला अडकवलेली. गाडीवर आधीच्या मालकाने एडलब्रॉकचा चार बॅरलचा कार्बोरेटर बसवलेला आहे. या गिअरबॉक्सला हवी तशी केबलची ओढ मिळायला त्याच्या लिव्हरवर वेगळी पट्टी लागते, म्हणजे केबल योग्य त्रिज्येवर येते. पट्टी मी दिली होती; ती डिकीत पिशवीसकट तशीच पडलेली.

गाडी टोइंगवर घालून कारागिरांकडे नेली. त्यांनी आधी खालचं पॅन उतरवून तेल पाहिलं. लालभडक, जळका वास नाही, पॅनच्या तळाशी चुरा नाही. वेळेत थांबलो होतो. मग पट्टी बसवली आणि केबल लावून दाखवली. केबलच्या टोकाशी एक छोटं बटण असतं. ते दाबून धरायचं, सरकती नळी पूर्ण मागे ढकलायची, बटण सोडायचं, आणि हाताने थ्रॉटल शेवटपर्यंत उघडायचा. नळी दात्यादात्याने टकटक करत पुढे येते आणि आपल्या जागी थांबते. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना केबल पूर्ण ताणलेली हवी. एवढ्यावर न थांबता त्यांनी गिअरबॉक्सला प्रेशर गेज जोडलं आणि थ्रॉटल हलकेच उघडताच काटा लगेच चढतो का ते पाहिलं. माझं कळकळीचं सांगणं आहे : गेज न लावता हा गिअरबॉक्स ताब्यात घेऊ नका. कानाला आणि पायाला जे बरं वाटतं ते इथे खरं नसतं. नीट लावलेला २००-४आर गिअर बदलताना हलकासा, ठाम ठोका देतो. तो ठोका हवाच.

त्यानंतर गिअरबॉक्सने एकदाही त्रास दिलेला नाही.

लॉकअपबद्दल थोडं. या गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक क्लच असतो. तो पकडला की घसर संपते आणि इंजिन थेट जोडलं जातं. मूळ गाड्यांत ते काम संगणक करायचा. माझ्या गाडीत संगणक कुठला? म्हणून चौथा गिअर पडल्याचं सांगणारा प्रेशर स्विच, एक व्हॅक्यूम स्विच आणि ब्रेकच्या पेडलवरचा स्विच, अशा तिघांवर ते चालतं. ब्रेकला पाय लागला की सुटतं, चढावर जोर दिला की सुटतं. सपाट रस्त्यावर पकडतं तेव्हा टॅकोमीटरचा काटा अजून थोडा खाली उतरतो, पाचवा गिअर पडल्यासारखा.

आता हायवेवर ताशी ७० मैलांना इंजिन २००० आरपीएमच्या आसपास असतं. जुन्या आकड्याशी ताडून पाहा, मिनिटाला हजार फेरे कमी. वाऱ्याचा आवाज आता आधी ऐकू येतो आणि इंजिनचा नंतर. दाराच्या रबरातून शीळ येते हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. ते रबर बदलायचं आहे. आय-७५ हायवेने थेट उत्तरेला मॅकिनॉ सिटीपर्यंत जाऊन आलो, पुढे मॅकिनॅक पूल ओलांडून सेंट इग्नेसला मुक्काम केला. १९५७ साली खुला झालेला पाच मैलांचा हा पूल आहे, आतल्या लेनमध्ये खाली पोलादी जाळी, आणि त्या जाळीवर टायरांचा जो सूर लागतो तो या गाडीत बसून ऐकण्यासारखा आहे. टर्बो ३५० असताना आम्ही हा प्रवास मनातही आणला नसता. उतरल्यावर बायको म्हणाली, उद्या अजून पुढे जाऊ या का? माझ्या लेखी सगळा खर्च तिथे वसूल झाला.

पेट्रोलचं गणित मात्र सरळ आहे. हायवेवर आधी गॅलनला १४ मैल मिळायचे, आता १८च्या आसपास मिळतात. वर्षाला दोन हजार मैल हायवे धरला तरी वाचलेलं पेट्रोल जेमतेम ३२ गॅलन. गिअरबॉक्स, कन्व्हर्टर, वेगळा तेल-कूलर, केबल, शिफ्टरचं सामान आणि मजुरी मिळून साडेतीन हजार डॉलरच्या वर गेलेत. पेट्रोलमधून ते परत यायला माझी हयात पुरायची नाही.

गावातल्या चालवण्यात एक सवय बदलावी लागते. चाळीस-पंचेचाळीस मैलांच्या रस्त्यावर चौथा लवकर पडतो आणि इंजिन जड पावलांनी चालल्यासारखं वाटतं. तिसरा ते चौथा ही उडी मोठी आहे, तीच या गिअरबॉक्सची उणी बाजू. मी गावात दांडा ‘३’वरच ठेवतो आणि हायवेचा रॅम्प चढल्यावर ओव्हरड्राइव्हला नेतो. गेलॉर्डच्या आसपासच्या चढांवर, समोरून वारा असला की, तो तिसऱ्या-चौथ्यात घुटमळतो, तिथेही ‘३’. माझा शिफ्टर स्टीअरिंग कॉलमवरचा आहे. जुन्याला सहा जागा होत्या, नव्याला सात लागतात, त्यामुळे आतली खाचांची पट्टी आणि वरची अक्षरांची काच दोन्ही बदलावी लागली. ते सामान तयार मिळतं. स्पीडोमीटरचा प्लॅस्टिकचा छोटा गिअर दात्यांची संख्या जुळवून घालावा लागला; फोनच्या जीपीएसशी ताडून पाहिलं, आता काटा बरोबर बोलतो.

गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचं मीटर लावून घ्या. हायवेवर माझं १७०-१८० फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, जिथे सगळा वुडवर्ड रस्ता गाड्यांनी भरून मुंगीच्या पावलांनी सरकतो, तिथे २००च्या वर गेलं होतं. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर लगेच उतरलं. वेगळा कूलर नसता तर मी त्या गर्दीत गेलो नसतो. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा गाडी सुरू केली की गिअर पकडायला काही क्षण जास्त लागतात, कारण उभ्या गाडीत कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरलेलं असतं. त्याने घाबरून जाऊ नका आणि डिपस्टिक बघून थंड गाडीत तेल ओतू नका. गाडी गरम करून, दांडा पार्कमध्ये टाकून, इंजिन चालू ठेवून मगच पातळी पाहा.

हे काम कोणी करावं, हे मागच्या डिफरन्शियलवर ठरतं. २.७३चा असेल तर राहू द्या, ०.६७ने गुणलं की १.८३ उरतात, ७० मैलांना इंजिन साडेसोळाशेवर येतं आणि साध्या व्ही-८ला ते ओढवत नाही. तिथे आधी डिफरन्शियल बदलावा लागेल. ३.३६ ते ३.७३वाल्यांना हा गिअरबॉक्स चपखल बसतो. ४.१०वाल्यांना तर वरदान आहे : ७० मैलांना ३७०० आरपीएमवरून २५००वर. ब्युइक, ओल्ड्समोबाइल किंवा पॉन्टिअ‍ॅक इंजिन असेल तरी अडत नाही, कारण २००-४आरच्या बहुतेक केसिंगवर त्यांची आणि शेव्हरलेची, इंजिनला जोडायची दोन्ही भोकं असतात. घेताना तेवढं पाहून घ्या.

गाडी मूळ स्वरूपात राखणाऱ्या मित्रांचा आक्षेप मला मान्य आहे. टर्बो ३५० या गाडीसोबत आलेला आहे, आणि त्याची किंमत मला कळते. म्हणून तो विकला नाही. तेल काढून, तोंडं बंद करून, शिफ्टरची जुनी पट्टी, काच आणि किकडाउन केबल यांच्यासकट तो गॅरेजमधल्या फळीवर ठेवला आहे. काहीही कापलेलं नसल्यामुळे पुढच्या मालकाला हवा असेल तर क्रॉसमेंबर पुढे सरकवून एका शनिवार-रविवारात तो परत बसेल.