पोर्तुगालमधल्या पोर्तोहून डोरो नदीच्या खोऱ्याची एक दिवसाची वाईन टूर, जरूर करा पण दोन गोष्टी आधी विचारून घ्या

सकाळी पोर्तोतून निघालो तेव्हा भुरभुर पाऊस चालू होता आणि सगळीकडे नुसतं हिरवंगार. हायवेवर मराव डोंगराच्या पोटातून साडेपाच किलोमीटरचा बोगदा जातो, २०१६ मध्ये सुरू झालेला, त्यात वायपर चालू ठेवून शिरलो आणि पलीकडे निघालो तर लख्ख ऊन! पुढे थांबायच्या जागी आमच्या गाईडने सगळ्यांना खाली उतरवलं, म्हणाली आता मागे बघा. ढग अख्खे डोंगराच्या माथ्यावर अडकून बसलेले. शाळेत भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश घोकला होता, तो असा समोर दिसला आणि खरंच अंगावर काटा आला.

या गाईडसाठीच टूरला पैकीच्या पैकी मार्क. वाईनच्या आधी तिने डोंगर समजावला. अटलांटिककडून येणारा पाऊस मरावच्या पश्चिमेला पडतो, तिकडे विन्यो व्हेर्दे नावाच्या वाईनचा पट्टा, खाली ग्रॅनाइट आणि हवा दमट, म्हणून जुन्या पद्धतीत वेली उंच मांडवावर चढवायच्या म्हणजे वारा खेळतो आणि बुरशी कमी लागते. तिथली वाईन हलकी, आंबटसर. डोंगर ओलांडला की डोरो, आणि जसजसं पूर्वेला स्पेनच्या हद्दीकडे जाल तसतसा पाऊस कमी होत जवळजवळ निम्म्यावर येतो. तिथले लोक म्हणतात नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, पोर्तुगीजमध्ये त्या दोन शब्दांचं यमकही जुळतं, इनव्हेर्नु आणि इन्फेर्नु.

पिन्यावजवळच्या मळ्यात पोचल्यावर पहिला प्रश्न पडला की अरे इथे माती कुठाय? नुसता शिस्ट, फरश्या उभ्या रचून ठेवाव्यात तसा खडक. पण त्या उभ्या फटींमधूनच पावसाचं पाणी खाली मुरतं आणि मुळं त्याच्या मागे खोल खोल जातात, त्यामुळे कडक उन्हाळ्यातही वेल तग धरते. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडतो. संध्याकाळी मी बांधावर हात ठेवून बघितला, चांगलाच गरम होता.

आणि ते बांध! चुना नाही, सिमेंट नाही, डोंगर फोडून निघालेलेच दगड एकावर एक बसवलेले, नदीपासून पार वरपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. नदीपलीकडे काही पायऱ्या ओसाड दिसल्या, १९व्या शतकात फायलोक्सेरा किडीने वेली मेल्या त्यानंतर तिथे परत लावल्याच नाहीत. हे ऐकून फार वाईट वाटलं, कुणाच्या तरी दोन-तीन पिढ्यांची मेहनत ती. १७५६ मध्ये पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री मार्केस दे पोंबालने या भागाची हद्द ठरवली, त्याचे ग्रॅनाइटचे खांब अजून कुठे कुठे उभे आहेत, आमच्या टूरमध्ये मात्र एकही दाखवला नाही.

टेस्टिंगमध्ये तुरिगा नासिओनाल या द्राक्षाची साधी रेड आणि दोन पोर्ट, म्हणजे इथल्या गोड आणि कडक वाईन, होत्या. पोर्टचं गणित मला इथेच कळलं, द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचीच कडक दारू घालतात, आंबणं थांबतं आणि गोडी राहते. पूर्वी पिंपं राबेलो होड्यांतून नदीने खाली पोर्तोसमोरच्या गाया गावात न्यायचे कारण समुद्राजवळ थंड आणि दमट, वाईन सावकाश मुरते, वर खोऱ्यातल्या उन्हात ती लवकर पिकते.

आता तक्रारी. दुसऱ्या किंतामध्ये (किंता म्हणजे वाईनचा मळा) जेमतेम वीस मिनिटं मिळाली, ग्लास हातात येतोय तोवर चला चला सुरू, आणि त्या दगडी हौदांत द्राक्षं पायाने तुडवतात ते तर लांबूनच बघितलं. दुसरं म्हणजे नदीकाठचा रस्ता भयंकर वळणांचा आहे, माझ्या बहिणीला उलट्या झाल्या आणि बुकिंगच्या वेळी कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्रास होत असेल तर गोळी घेऊनच बसा.

म्हणून बुक करताना दोन गोष्टी विचाराच, दुसऱ्या किंतामध्ये नक्की किती वेळ देणार आणि परत येताना ट्रेनचा पर्याय आहे का. पिन्यावचं स्टेशन द्राक्षतोडणीची चित्रं असलेल्या निळ्या टाइल्सनी मढवलंय, ते बघायला तरी थोडं आधी पोचा. पोर्तोकडे येताना डाव्या बाजूची खिडकी पकडा, नदी तिकडेच आहे.