भिंग, स्क्रीन की खाडी? दहावीच्या विज्ञानासाठी काय निवडावं

ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासाला सगळ्या ‘अभिनव पद्धती’ एकाच वर्षी आणता येत नाहीत. एकच घ्यायची असेल, तर प्रश्न-चर्चा घ्या.

हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मेझर यांनी १९९०च्या दशकात ती रूढ केली. ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ शिकवताना पर्याय देऊन विचारा: बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला, तर पडद्यावरची प्रतिमा कशी दिसेल? मुलं शेजारी न बघता बोटांनी पर्याय दाखवतात. बरीच जण ‘अर्धी’ म्हणतात, कारण आकृतीत दोन-तीनच किरण काढायची सवय. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असली, की शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या. त्याहून कमी असली, तर मुद्दा पुन्हा शिकवा. खर्च शून्य. मेहनत आहे ती चांगला प्रश्न शोधण्याची, आणि तसा प्रश्न रोज सुचत नाही. (शेजारच्या वर्गातून आवाजाची तक्रार येणार, हेही धरून चाला.)

प्रयोग याच्या जोडीला शोभतो. खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडून भिंगापुढे पुठ्ठा धरा: प्रतिमा पूर्णच राहते, फक्त अंधूक होते. वाद तिथेच मिटतो. पण सरांनी टेबलावर करायचा आणि मुलांनी निष्कर्ष उतरवायचा, असा प्रयोग असेल तर वेळ फुकट. अंदाज आधी लिहून घ्यायलाच हवा. लेखी ८० गुण, प्रात्यक्षिक २०, म्हणून प्रयोगाला मागे टाकणाऱ्या शाळा विसरतात, की भिंगाचे प्रश्न लेखीतही असतात.

कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स (स्क्रीनवरचे आभासी प्रयोग) मोफत आहेत, बरीचशी मराठीतही. डाउनलोड केली की नेट लागत नाही. तारेतले इलेक्ट्रॉन, अणूची रचना अशा न दिसणाऱ्या गोष्टींसाठी ती उत्तम. भिंगासाठी मात्र स्क्रीन कशाला?

घरी व्हिडिओ पाहून यायची पद्धत मला पटत नाही; घरात फोन एकच आणि तो आई-बाबांबरोबर कामावर.

ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळालाय. परिसंस्थेच्या धड्याला ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राची फेरी चांगली, पण पूर्ण दिवस जातो. वर्षातून एकदाच.

थोडे पैसे हाताशी आले, तर प्रोजेक्टरआधी प्रत्येक बाकाला एक भिंग घ्या.